लाइदीच्या नावातला गहू

लाइदीच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. थंडी सरताना आलेलं पत्र गव्हाच्या ओंब्या पिवळ्या होईपर्यंत टेबलावरच होतं.

"गुरुजी," माझ्या या जुन्या विद्यार्थिनीनं लिहिलं होतं, "मुलगी अक्षरं शिकते आहे. तिनं विचारलं, आई, तुझ्या नावाचा अर्थ काय? मला सांगवेना. कापणी झाली की पोलीस चौकीतल्या नोंदवहीत जाऊन नाव बदलणार आहे. त्याआधी सांगा, या दोन अक्षरांत माझं असं काही आहे का?"

लाइ म्हणजे ये. दी म्हणजे धाकटा भाऊ. मुलगी झाली की पुढच्या खेपेला मुलगा व्हावा म्हणून चीनमधल्या आमच्या आन्यांगकडे हे नाव ठेवत. वर्गात 'लाइदी' म्हटलं की तिघी उभ्या राहत.

उत्तर ठाऊक होतं, पण मास्तरकीचा कोरडा दिलासा तिला काय कामाचा, असं वाटायचं.

"म्हातारोबा, गावात हार्वेस्टर आले," वाफेच्या पावांची कणीक मळता मळता बायको म्हणाली. "आता लिहिणार, की ती नाव बदलून आल्यावर?"

लिहायला बसलो. अक्षरांपुरती माझी खात्री पक्की असते.

"लाइ हे मुळात गव्हाचं रोप. मधे ताठ काडी, दोन्हीकडे झुकलेली पानं, खाली मुळं. 'येणं' चितारता येत नाही. उच्चार जुळला म्हणून लोकांनी गव्हाचं चित्र उसनं घेतलं आणि परत केलंच नाही. गव्हासाठी मग दुसरं अक्षर रूढ झालं, माइ. दी म्हणजे खुंटाला गुंडाळलेली दोरी. वेढ्यामागून वेढा, म्हणून क्रम. म्हणून मागून येणारा, धाकटा भाऊ. तुझं नाव म्हणजे गहू आणि दोरी. बदलू नकोस."

बायकोला वाचून दाखवलं.

"छान! आणि रस्त्यात हाक मारली की लोकांना दोरी ऐकू येणार?"

शेवटची दोन वाक्यं खोडली. "मग माइ सुचवू? सरळ गहूच."

"तिचं आडनाव तुंग, म्हणजे तुंग माइ? अरे, 'विका'सुद्धा माइच! बाजारात कुणी ओरडलं की बिचारी वळून बघणार. एवढी पुस्तकं वाचून हे सुचलं?"

"आणि नुसतं दी काढलं तर?"

"नुसतं लाइ? म्हणजे येणार कोण?"

"ती."

"ती तर केव्हाच आली आहे की!"

मी पेन उचललं. दार वाजलं की आपण आतून ओरडतो, आलो, आलो. तेही लाइच.

"दी काढ, लाइ ठेव," मी लिहिलं. "लोकांनी गव्हाचं 'ये' केलं, तेव्हा कुणाला विचारलं नव्हतं. तू 'ये'चं 'आली' कर. मुलीला हाच अर्थ सांग. फारच खोदून विचारलं, तर गव्हाच्या रोपाचं चित्र काढून दाखव."

पुन्हा वाचलं नाही. वाचलं असतं तर खोडलं असतं.

"आजोबा, साधं की रजिस्टर?" पोस्टातल्या मुलीनं विचारलं.

"जे लवकर पोचेल ते," मी म्हणालो आणि पाकीट तिच्या हातात दिलं.