एका बारापुरतं पितळ

"आबा, तव्यावर काय ठेवलंय?"

"वाळत घातलंय गं उपासना. पाणी राहिलं की पितळेला डाग पडतात."

बाळाला कडेवर घेऊन मी स्वयंपाकघरात धावले. डोशाच्या तव्यावर काडतुसांच्या रिकाम्या पितळी नळ्या ओळीनं उभ्या होत्या. चिंच-मीठ लावून आबांनी त्या अशा घासल्या होत्या की खिडकीतलं ऊन त्यांच्यावर ठरत नव्हतं. खाली गॅस मोठा होता. नळ्यांच्या बुडाशी जांभळट रंग चढत चालला होता, आणि तो इतका देखणा होता की गॅस बंद करायच्या आधी मी क्षणभर बघतच राहिले.

संध्याकाळी शेजारचा वॉल्ट आला. स्कूलबस चालवून रिटायर झालेला, बोलायला हळू. त्यानं एक नळी उचलली, बूड उजेडात धरलं आणि परत ठेवली. मग अतुलला काहीतरी सांगितलं. अतुल माझा नवरा, आबांचा मुलगा. त्यालाच ते मराठीत सांगावं लागलं.

"आबा, नळीचं तोंड तापवून मऊ करायचं असतं. बूड मात्र कडकच लागतं. बूड मऊ झालं ना, की बार उलटा तोंडावर येऊ शकतो. ही काडतुसं आता चालणार नाहीत."

"सगळी?"

"सगळी."

"मी जाळली ती," आबा म्हणाले आणि खुर्चीत बसले. सोमवारी त्यांचं परतीचं विमान होतं.

आबा म्हणजे लहू. दापोलीच्या एका पतसंस्थेत दाराशी बंदूक घेऊन उभं राहण्यात त्यांची अख्खी नोकरी सरली. बंदूक खांद्याला, काडतुसं पट्ट्यात. बार मात्र कधी काढला नाही. काढायची वेळच आली नाही. त्याआधी फौजेत जायला गेले होते, तर उंची भरली नाही. आणि त्याच्याही खूप आधी, राणीच्या राज्यात, त्यांच्या पणजोबांचे वडील मुंबईच्या पलटणीत नाईक होते. मग एक दिवस साहेबांनी महारांची भरतीच बंद केली. घरात ना बिल्ला राहिला, ना पट्टा. एवढंच सांगणं राहिलं, की त्यांची रायफल स्नायडर होती आणि तिचा आवाज छातीत बसायचा.

इथे अमेरिकेत आल्यावर वॉल्टच्या गॅरेजमध्ये भिंतीवर तसलीच रायफल दिसली, तेव्हा आबा दारातच थांबले. नवी होती, जुन्या नमुन्यावर बनवलेली. तरीही त्यांनी चपला बाहेर काढल्या.

"वॉल्टसाहेब, जय भीम," ते म्हणाले. "एकदा मारून बघू?"

रायफल होती, पितळ नव्हतं. वॉल्टच्या नळ्या वापरून वापरून चिरल्या होत्या आणि तसलं काडतूस आता सहजासहजी कुणी बनवत नाही. जाडजूड चोवीस बोअरचं, अखंड पितळेचं, शिकारी बंदुकीचं काडतूस मिळालं, तर ते कापून बसवता येतं. अतुल रोज मीटिंग म्यूट करून फोन लावायचा.

"प्लॅस्टिकची आहेत म्हणतो. पितळी आऊट ऑफ स्टॉक यार, सगळीकडे!"

शेवटी रिचमंडकडच्या एका गन शोमध्ये, बंदुकांच्या जत्रेत, एका म्हातारीच्या टेबलाखाली मूठभर सापडली. शिवाय व्हिजिटर व्हिसावरच्या माणसाला बंदूक हातात घ्यायची तर शिकारीचं लायसन्स लागतं, म्हणून अतुलनं तेही काढलं. कोंबडीसुद्धा दुसऱ्याकडून कापून घेणारे आबा सत्तरी ओलांडल्यावर 'शिकाऊ शिकारी' झाले. व्हिडिओ कॉलवर गावाला लायसन्स दाखवताना म्हणायचे, "वाघ असेल तर कळवा."

आणि आता ती मूठभर नळ्यांची रांग तव्यावर जळून गेली होती. मग वॉल्टच म्हणाला, "वेट." मापाला म्हणून घेतलेली एक नळी त्याच्या गॅरेजमध्येच राहिली होती.

ती एकुलती एक नळी त्यानं आमच्यासमोर कापली. मग बूड पाण्यात ठेवून फक्त तोंडावर ज्योत धरली. दिवे बंद केले होते. पिवळं पितळ आधी काळवंडलं, मग त्याच्या काठावर एक मंद लाली उमटली. पहाटे आभाळाच्या कडेला येते तशी, आली म्हणेपर्यंत गेली. त्यानं नळी आडवी केली, ती पाण्यात पडली, चर्र झालं. आबांनी हात जोडले होते. कुणाला, ते त्यांनाही ठाऊक नसावं.

"एक बार नक्की झेलेल," वॉल्ट म्हणाला. "पुढचं प्रॉमिस नाही."

"मग तो तू मार," अतुल आबांच्या वतीनं घाईनं म्हणाला. "आबा नुसता आवाज ऐकतील. या वयात खांदा निखळला तर?"

"खांदा माझा आहे ना रे?" आबा म्हणाले. "पुष्कळ वर्षं नुसता पट्टा वाहिलाय त्यानं."

रविवारी नेमबाजीच्या रेंजवर बाळाच्या कानांसाठी मी लांब, गाडीत काचा लावून बसले. तिथून आबा करंगळीएवढे दिसत होते. रायफल त्यांच्याहून फार लहान नव्हती. कानांवर आवाज अडवणारे मफ, अंगात अतुलचं जॅकेट. वॉल्टनं त्यांचा खांदा दाबून जागा दाखवली, एकच काडतूस हातात दिलं आणि मागे सरकला. आबा लगेच मारतील असं वाटलं. ते उभेच राहिले. पाय जुळवले, पाठ ताठ केली. पतसंस्थेच्या दारात ते असेच उभे राहत असतील, मी कधी पाहिलं नव्हतं.

आधी धूर आला. पांढरा, कापसासारखा, आबा त्यात दिसेनासे झाले. मग आवाज आला. काच थरथरली आणि तो खरोखरच माझ्या छातीत येऊन बसला. बाळानं डोळे मोठे केले, रडलं नाही. धूर विरायला वेळ लागला. तेवढा वेळ त्या ढगात कुठला माणूस उभा आहे, हे मला सांगता आलं नसतं. मग आबा दिसले, जागच्या जागी, रायफल छातीशी धरलेली.

नळीच्या तोंडाला केसाएवढी चीर गेली होती. वॉल्टनं ती आबांच्या हातात दिली. त्यांनी ती हुंगली, बराच वेळ धरून ठेवली आणि त्यालाच परत केली. विमानात चालणार नाही, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

रात्री वरणभात वाढला. आबांच्या उजव्या हाताची बोटं आणि तळवा काजळीनं काळा झाला होता.

"आबा, हात धुवून घेता ना?"

त्यांनी तो हात हळूच टेबलाखाली घेतला. चमच्यानं खाल्लं की पोट भरत नाही, असं मला सहा महिने ऐकवणारा माणूस.

"उपासना," ते म्हणाले, "आजच्या दिवस मला चमचा दे गं."

मी दिला. त्यांनी तो डाव्या हातात धरला.