माझ्या पंख्यातली धूळ

मी एक जुना निळा दिवा आहे, आणि मित्रांनो, माझा जन्म माशांसाठी झाला होता. कारखान्यातून निघालो तो काचेच्या टाकीतल्या पोवळ्यांवर उजेड पाडायची स्वप्नं बघत. पण मला विकत घेतलं कॅनडातल्या सस्काटून शहरातल्या एका रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेनं. तिथे मासा दिसायचा तो फक्त प्रोफेसर हॅल्व्हर्सन यांच्या डब्यात, तोही तळलेला.

काम मात्र मानाचं होतं. औषधांसाठी दोन रेणू एकमेकांना जोडायचे. पूर्वी त्यासाठी सगळं गरम तेलात तापवत बसावं लागे, महागडा धातू लागे आणि मागे विषारी सांडपाणी उरे. आता चिमूटभर निकेल आणि माझा उजेड एवढ्यावर भागत होतं. डॅरिया कोवालचुक नावाची विद्यार्थिनी सकाळी माझ्यापुढे काचेची कुपी ठेवी आणि संध्याकाळपर्यंत काम फत्ते होई. पाहुणे आले की प्रोफेसर माझ्याकडे बोट दाखवत, नुसत्या उजेडावर चालतं म्हणून सांगत. मी फुगून जायचो. पण इतक्या वर्षांत मला कोणी साधं फडकं लावलं नाही. मला थंड ठेवणाऱ्या पाठीमागच्या पंख्यात धुळीची गादी बसली आणि तो दमेकऱ्यासारखा घरघरू लागला.

मग सुरक्षा तपासणी जवळ आली. आदल्या दिवशी कोणीतरी मला उघडलं, हवेचा झोत मारला, पुसून लख्ख केलं. मला अगदी भरून आलं. आणि दुसऱ्याच दिवशी प्रयोग बंद पडला.

डॅरियानं निकेल बदललं, काचेची भांडी पुन्हा पुन्हा वाळवली. काही उपयोग झाला नाही. दिवा म्हातारा झाला, असंही कोणी म्हणालं. ते मला फार लागलं. प्रोफेसरांनी बजावलं, शुक्रवारपर्यंत जमलं नाही तर हा नाद सोडायचा आणि पुन्हा तेलाचं भांडं चढवायचं. पोरीची सगळी पदवी त्या कुपीत अडकली होती.

गुरुवारी तिनं वैतागून कुपी उचलली आणि मुठीत धरून तशीच उभी राहिली.

"पूर्वी ही कोमट लागायची," ती म्हणाली. "दिव्याचा पंखा कोणी साफ केला?"

"मी केला," प्रोफेसर ऐटीत म्हणाले. "तुम्हा मुलांना कुठे सुचतं!"

"मग माझा प्रयोग तुम्हीच मारलात, प्रोफेसर."

धुळीनं माझा पंखा गुदमरायचा, मी तापायचो आणि कुपीला ऊब मिळायची. त्या उबेची गरज होती, हे मलाही ठाऊक नव्हतं. डॅरियानं कुपी कोमट पाण्यात ठेवून मला लावलं, काम झालं. दुसरी कुपी तशाच पाण्यात, पण अंधारात ठेवली. तिच्यात काहीच झालं नाही; म्हणजे नुसती ऊबही पुरत नव्हती, माझा उजेड लागतच होता. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

प्रोफेसरांना 'नुसत्या उजेडावर' हे शब्द सोडवेनात. "शोधनिबंधात उजेड आणि ऊब, दोन्ही लिहायचं," डॅरिया म्हणाली. त्यांनी मिशी चावली आणि लिहिलं. तेलाचं भांडं फडताळातच राहिलं.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या वस्तूंची काळजी घ्या. आम्हाला जरूर पुसा, त्याचं सुख काय सांगू! फक्त पुसून झाल्यावर, आमच्याबरोबर रोज राबणाऱ्या माणसाला तेवढं सांगून ठेवा.