नंबर बेचाळीस, माल बंद

मी क्लॅरिनेटचा माउथपीस बोलतोय. बोलतोय म्हणजे, जन्मात पहिल्यांदाच स्वतःच्या हिमतीवर बोलतोय. आजवर मालकांनी फुंकलं तर बोललो, नाही तर गप्प बसलो. आता टोकापासून खाली तडा गेलाय, कुणी फुंकणार नाही. म्हटलं, चला, होऊन जाऊ दे.

दिसायला मी बोटाएवढा, काळ्या कडक रबराचा, चोचीसारखा निमुळता. माझ्या सपाट बाजूवर बोरूची पातळ पट्टी बांधतात, तिला रीड म्हणतात. ती थरथरते, मी तो आवाज आत सोडतो, आणि कौतुक होतं त्या लांबलचक लाकडी नळीचं. असो. माझ्या अंगावर बेचाळीस हा नंबर कोरलाय. कारखान्यात एकाच साच्यातून माझ्यासारखे शेकड्यांनी निघाले. त्यामुळे आपण कुणी खास आहोत असा भ्रम मला नव्हता.

खास मला मालकांनी केलं. तेव्हा ते वाद्यवृंदात नवे होते, लग्नही नवं होतं, आणि एका जागी त्यांची रोज फजिती व्हायची. तिथे सगळे वादक थांबतात आणि एकट्या क्लॅरिनेटने शांततेतून सूर उचलायचा असतो, इतका हळू की सुरू कधी झाला ते कळूच नये. माझ्यातून तो निघायचा दार आपटल्यासारखा. शेवटी एका रविवारी मालकांनी भिंतीवरचा आरसा काढून टेबलावर आडवा ठेवला, त्यावर बारीक पॉलिश कागद पसरला आणि माझी सपाट बाजू घासायला घेतली. दोनदा घासायचं, वाजवून बघायचं. परत दोनदा. मी जीव मुठीत धरून होतो. संध्याकाळी तो सूर आला, आणि असा आला की मालक स्वतःच दचकले.

मग हा भला माणूस ते सगळं साफ विसरला! पुढे तीस वर्षं ज्याला त्याला सांगत सुटला, "बेचाळीस नंबर म्हणजे बेचाळीस नंबर. काय चीज बनवलीय कंपनीने!" मी ऐकायचो आणि मनात म्हणायचो, अहो, कंपनीने नाही, तुम्ही. पण माझ्या तोंडून त्यांचाच श्वास निघणार, माझे शब्द कुठून निघणार?

यंदा मालकांना ताप आला तो दोन महिने हटेना. उतरल्यावर वाद्यवृंदाच्या संचालकांनी निरोप पाठवला, "महिनाअखेरच्या शनिवारी येऊन तो सूर ऐकवा. खुर्ची तुमचीच आहे, पण ऐकायला हवं." इकडे मालकीणबाईंनी आजारपणाची प्रत्येक वस्तू उकळायचा सपाटा लावला होता. चमचे उकळले, पेले उकळले, आणि शेवटी मलाही पातेल्यात टाकलं. मायेनेच टाकलं, खोटं कशाला बोलू. रबर जळाल्याचा वास सुटला तशा त्या घाबरल्या आणि घाईघाईने मला गार पाण्याखाली धरलं. कट् झालं. काळ्याचा मी हिरवट तपकिरी झालो, वाकडा झालो, आणि हा तडा गेला.

"अहो, मी काय करून बसले हे!" त्या रडायलाच लागल्या.

"अगं, रडतेस काय? बाजारात असतील पन्नास," मालक म्हणाले.

पन्नास कुठले, एक नव्हता. दुकानात नवे चकचकीत भाऊबंद होते, पण आतून वेगळ्याच घडणीचे; मालकांनी सगळे वाजवून पाहिले आणि दुकानदाराने हात टेकले. कंपनीला पत्र गेलं, उत्तर दोन ओळींचं आलं: हा माल अकरा वर्षांपूर्वी बंद झाला आहे, नवा प्रकार वापरावा. वाद्यं दुरुस्त करणारे काका, ज्यांनी मालकांच्या क्लॅरिनेटच्या बोटांनी दाबायच्या सगळ्या किल्ल्या एकेकदा तरी बसवल्यात, त्यांनी मला भिंगाखाली धरलं. "मास्तर, याच्यात आता राम नाही," ते म्हणाले. मग भिंग खाली ठेवून म्हणाले, "पलीकडच्या गल्लीत एक वादक होते, वारले चार वर्षांपूर्वी. त्यांच्याकडे बेचाळीसच होता. त्यांच्या घरी बाई आहेत, त्यांना विचारून बघा."

बाईंनी कपाटातून डबी काढली. मऊ कापडात तो होता! माझाच सख्खा भाऊ, तोच नंबर, अंगाने अजून काळाभोर. मला आनंदही झाला आणि पोटात दुखलंही.

"न्या की," बाई म्हणाल्या. "पण जसा नेताय तसा परत आणा हं. वर्षातून एकदा माझे दीर येतात, यावर वाजवतात. वाजवणारे ते असतात, पण आवाज अगदी ह्यांचा येतो. मी त्या खोलीत बसून ऐकते, दार लोटून."

घरी येऊन मालकांनी भावाला लावलं आणि फुंकलं. सूर चांगला होता, खणखणीत होता, पण तो नव्हता. गुरुवारपर्यंत ते रोज सकाळ-दुपार बसले. सूर दरवेळी दार आपटूनच आला. "नंबर तोच आहे गं," ते म्हणाले, "मग असं का?" इतका केविलवाणा आवाज मी त्यांच्याकडून कधी ऐकला नव्हता.

मालकीणबाई भाजी निवडत होत्या. हात थांबला त्यांचा. "अहो, तुम्ही तो घासला नव्हता का? आपल्या लग्नाच्या वर्षी! आरसा काढून ठेवलात, त्याला चरे पाडलेत. मी आठवडाभर ताटलीत बघून भांग पाडला!"

 मालक उठले, आरसा काढला, टेबलावर आडवा ठेवला. कागद मिळाला. त्यांनी भावाची सपाट बाजू कागदावर टेकवली. मला ओरडावंसं वाटत होतं, घासा, मालक, घासा! दोनदा घासलं असतं, चारदा घासलं असतं, तरी शनिवार निभावला असता.

हात हलेना. "घासला की त्या बाईंच्या यजमानांचा आवाज गेला," मालक म्हणाले.

"थोडंसंच," मालकीणबाई हळूच म्हणाल्या. "त्यांना काय कळणार?"

"दार लोटून बसते गं ती. तिला नाही कळणार तर कुणाला?"

त्यांनी भावाला पुसलं आणि कापडात गुंडाळलं. आरसा परत भिंतीवर गेला. शुक्रवारी सकाळी ते डबी द्यायला गेले. मी त्यांच्या खिशातच होतो.

"झालं काम?" बाईंनी विचारलं.

"झालं," मालक म्हणाले. संचालकांना त्यांनी परतीच्या वाटेवरच कळवलं, खुर्ची दुसऱ्याला द्या म्हणून.

आता मी सुईदोऱ्याच्या खणात असतो, बटणांच्या शेजारी. मालकीणबाई अजून कधीकधी मला हातात घेतात, तड्यावरून बोट फिरवतात आणि पुन्हा ठेवतात. परवा मालकांनी मला तसंच तोंडात धरलं, रीड न लावता. तीस वर्षांत माझ्यावर पडलेल्या खाचांत त्यांचे दात बरोबर बसले. फुंकलं. नुसती हवा गेली. त्यांनी मला पुसून जागेवर ठेवलं आणि खण लावून घेतला.

तेव्हा वाचणाऱ्यांनो, एवढं बघा. तुमच्या घरात कुठे बेचाळीस नंबर पडला असेल, आणि त्यात कुणाचा आवाज राहत नसेल, तर कळवा. मालकांनी विचारणं सोडलंय. मीच विचारतोय.