फ्लॉसी न बोललेलं वाक्य

पाचूबंदरच्या घरात भरदुपारी ॲंजेला आपल्या मेलेल्या आईला बोलायला लावत होती.

"बाबानं एल्रॉयला नेलं," लॅपटॉपमधून फ्लॉसीचा आवाज आला. मग, "एल्रॉयला बाबानं नेलं." मग, "नेलं एल्रॉयला बाबानं." आई जिवंतपणी यातलं पहिलंच बोलली होती, बाकीची ॲंजेलानं तिच्या जुन्या रेकॉर्डिंगमधले शब्द कापून जोडली होती. विद्यापीठाला असल्या उद्योगांचं भारी कौतुक! शब्दांच्या जागा बदलल्या तरी अर्थ कुठल्या भाषांत टिकतो, हा ॲंजेलाच्या संशोधनाचा विषय. काही भाषांत शब्दांना रांग मोडून चालतच नाही. आपल्याकडे 'नं' आणि 'ला' नावाला घट्ट चिकटतात, म्हणून शब्द कुठेही बसवा, केलं कोणी आणि झालं कोणाला ते कळतंच.

तेच तर तिला छळत होतं. वाक्य कसंही फिरवलं तरी नेणारे बाबाच. तिच्या धाकट्या भावाला, एल्रॉयला, त्यांनी वादळाचा इशारा असताना होडीवर नेलं आणि ते एकटेच परत आले. त्यानंतर फ्लॉसी मरेपर्यंत नवऱ्याशी बोलली नाही.

"कोन बोलतंय?"

दारात तिचे बाबा, सॅन्टन, भिंतीला धरून उभे होते. हेडफोन लावायचा राहिला होता. 

"असं नव्हती बोलली ती," ते म्हणाले. "तू बोलायला लावलंस?"

तिनं मान डोलावली. ते हळूहळू तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"मंग अजून एक बोलायला लाव. मला माफ केलं म्हनून."

शब्द होते. आईकडून म्हणवून घेतलेल्या प्रार्थनेत 'क्षमा' होती, मासळीच्या गप्पांत कुठेतरी 'केली', आणि 'त्यांना' तर पावलोपावली. हे पाप आहे असं ॲंजेलाला वाटलं. तरी तिनं ते केलं, कारण बाबा फार म्हातारे दिसत होते.

"त्यांना मी क्षमा केली," फ्लॉसी म्हणाली. इतक्या थंड आवाजात आई कधीच बोलली नव्हती. 

सॅन्टननं क्रुसाची खूण केली. "परत."

तिनं परत लावलं. ते डोळे मिटून ऐकत राहिले, मग त्यांनी लेकीकडे पाहिलं.

"आनि तू?"

ॲंजेलानं तोंड उघडलं. सगळे शब्द तिच्याजवळ होते, कुठल्याही क्रमानं चालले असते.  पण तिनं हात पुढे केला आणि आईचं वाक्य पुन्हा लावलं.