फळीवर चिकटवलेले मासे

आमच्या ह्यांना, म्हणजे मुरलीधररावांना, मासा खायचा तर सोडाच, मासळीबाजारावरून जातानाही नाकाला रुमाल लागतो. तरी गेला महिनाभर जबलपूरच्या सगळ्या राइट टाउनमध्ये मत्स्यतज्ज्ञ म्हणून मिरवत होते. कशाच्या जोरावर? माझ्या बाबांच्या कार्डांच्या.

पूर्वी सिगारेटच्या पाकिटात एक छोटं कार्ड निघायचं. पुढे रंगीत मासा, मागे इंग्रजीत त्याची माहिती. रेल्वेतल्या एका अँग्लो-इंडियन गार्डने जबलपूर सोडताना अख्खा संच बाबांना दिला होता. बाबा संध्याकाळी एकेक कार्ड उलटून मागचा मजकूर मला मराठीत सांगायचे. माशांपेक्षा मला त्यांचा आवाजच आवडायचा. बाबा गेले, कार्डं माझ्याकडे आली. हे मात्र जगाला सांगत, "माझं कलेक्शन."

जुन्या वस्तूंच्या प्रदर्शनात ती लागणार, खाली यांचं नाव येणार, म्हणून स्वारी हवेत. निवड करायला प्रदर्शनवाले गौतमजी घरी यायचे होते. मी बहिणीकडे नागपूरला गेले आणि तेवढ्यात यांनी अक्कल पाजळली. जन्म गेला फॅक्टरीच्या स्टोअरमध्ये. तिथे प्रत्येक पान्याची जागा फळीवर रंगवून पक्की केलेली असते. यांनीही एक फळी आणली, कार्डं फेविकॉलने घट्ट चिकटवली, वर वार्निश फासलं आणि माशांना नंबर घातले.

आल्यावर ते पाहून मला रडूच फुटलं.

"काहून रडून राहिली?" हे म्हणाले. "आता एकही हरवत नाही."

गौतमजींनी फळी पाहून चष्मा पुसला. "भाईसाहब, पीछे का दिखाइए. असली-नकली उसी से पता चलता है."

हे नखाने कार्ड उचकटायला गेले. महाशीर माशाचं शेपूट तेवढं हातात आलं.

गौतमजींना दया आली असावी. "अच्छा, पीछे लिखा क्या था, यही बता दीजिए."

यांना काय माहीत! आयुष्यात एक कार्ड उलटलं नव्हतं. चेहरा उतरला आणि माझ्याकडे वळले. "हेमलता, तुला तर सगळे मासे तोंडपाठ आहेत ना? सांग ना यांना."

होतेच तोंडपाठ. महाशीर तर बाबांच्या आवाजासकट.

"मला काहून विचारून राहिले?" मी म्हटलं. "कलेक्शन तर तुमचं आहे." आणि मनातल्या मनात बाबांचा महाशीर म्हणत चहा ठेवायला आत गेले.