हलक्या लेकरांची झोळी

मी झोळी बोलतेय. भिक्षेकऱ्याची नव्हे हो. तान्ह्या बाळाचं वजन करायचा गोल काटा असतो ना, त्याच्या आकड्याला अडकवतात ती. बाळ माझ्यात ठेवलं की मोठी माणसं काट्याकडे बघतात आणि मी बाळाकडे. बाळ आधी भोकाड पसरतं, मग एक हेलकावा बसला की त्याचे डोळे जड होतात आणि त्याची पेंग माझ्या सुतात उतरते. त्यामुळे माझं निम्मं आयुष्य गुंगीतच गेलं. सांगताना कुठे डुलकी लागली तर समजून घ्या.

मी भूकंपानंतरची. मुरुडजवळच्या एका खेड्यात, मदतीत आलेल्या जाड मांजरपाटातून विठाबाईनं मला शिवलं. घराची भिंत बसलेली, म्हणून ती पत्र्याच्या शेडात शिलाईचं यंत्र घेऊन बसायची. मापाला बाळ हवं, तर तिनं आपल्याच लेकीला, उज्वलाला, माझ्यात घालून बघितलं. ती लबाड लगेच झोपली.

मला विकत घेतलं लातूरच्या रेणुकादास सरांनी. गरिबांसाठी काम करणारी त्यांची छोटी संस्था होती. भूकंपात सरांनी एक गोष्ट पाहिली होती. मदतीच्या गाड्या सडकेवरच्या गावात घोंगड्यांचे ढीग टाकून जायच्या आणि आतल्या गावात कुणी फिरकायचंही नाही. ते त्यांच्या मनाला फार लागलं होतं.

पुढे लातुरात क्लासेसचं पीक आलं. आमच्या ऑफिसच्या खालीही एक क्लास निघाला. दिवसभर पोरं सूत्रं घोकायची आणि मी खुंटीवर ती अंगाईसारखी ऐकायची. सर म्हणायचे, "हुशार पोरंच वेचून घेतली, तर यश क्लासचं की पोरांचं, हे कळणार कसं? आपल्या पिठाचं तसं नको व्हायला."

हे पीठ म्हणजे शेंगदाणे आणि फुटाण्याचं. गरोदर बायांना आणि बाळंतिणींना ते द्यायचं होतं, पण सगळ्या गावांना पुरणारं नव्हतं. मग गावांच्या चिठ्ठ्या केल्या आणि त्या टाकल्या माझ्यातच. निघेल त्या गावाला आत्ता पीठ, बाकीच्यांना नंतर. वजन मात्र सगळीकडच्या बाळांचं करायचं. फरक दिसला तर पिठाचा गुण खरा, मग जिल्हा परिषद ते गावोगाव देणार. कुठल्याही गावचं बाळ फारच अशक्त दिसलं, तर त्याला थेट दवाखान्यात न्यायचं हेही ठरलेलं.

माझ्यात झोपलेली ती उज्वला एव्हाना लग्न होऊन सासरी गेली होती आणि तिला पहिल्यांदा दिवस गेले होते. विठाबाईच्या गावाची चिठ्ठी निघाली. उज्वलाच्या सासरची नाही.

वर्षभर बाळं माझ्यात झुलली. शेवटी हिशेब मांडला तर दोन्हीकडची वजनं सारखीच! उज्वलाचा मुलगा तर चांगला गुटगुटीत. सर खुर्चीत बसले ते उठेनात. पीठ निरुपयोगी ठरलं म्हणजे योजना बासनात जाणार. मला मात्र उज्वलाच्या हाताला शेंगदाण्याचा वास आला होता. पण झोळीला कोण विचारतंय?

सगळं काम मृण्मयीताई बघायच्या. त्यांना सातवा लागला तशा त्या माहेरी निघाल्या, नांदेडकडे, उमरीला. बाळाचं वजन घरीच करू म्हणून काटा आणि मी त्यांच्या पिशवीत. मुदखेडला गाडी बराच वेळ थांबली. ताई खिडकीला डोकं टेकून पेंगत होत्या, आतलं बाळही पेंगत होतं आणि पिशवीत मीही.

उमरीच्या गल्लीत दारोदार माहेरवाशिणी. कुणी दिवस भरत आलेली, कुणी बाळ मांडीवर घेतलेली. एका सकाळी ताईंच्या आईनं खिरीची वाटी पुढे केली आणि ताईंनी कपाळावर हात मारला.

"अगं आई, आम्ही गावं वाटली! पण पहिलटकरीण सासरी राहते कुठं?"

ऑफिसातल्या सगळ्या बाया माहेरी बाळंत झालेल्या, सरांची बायकोसुद्धा. आणि एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. मला हसू आवरेना.

बाळाला घेऊन ताई परतल्या त्या थेट विठाबाईच्या दारात. "मावशी, तुमच्या गावचं पीठ उज्वलाच्या पोटात गेलं का?"

विठाबाईनं पदर सारखा केला. "जाणार न्हाई तर काय? लेक माझ्याकडंच बाळंत झाली. सासरी गेल्यावर बी मुरुडच्या बाजाराला भेटायची, तिच्या नावची पिशवी देत व्हते. पोटच्या पोरीला सोडून माझ्या नरड्याखाली उतरंल का?"

"तुमचं चुकलं नाही हो. आमचंच चुकलं. आता ज्या गावांत सोयरीक जास्त, ती एकाच चिठ्ठीत बांधायची आणि पुन्हा चिठ्ठ्या काढायच्या. तुम्ही अन् उज्वला एकाच चिठ्ठीत. पण मावशी, ती निघाली नाही, तर तुमच्याही गावचं पीठ थांबेल."

उज्वलाला तेव्हा पुन्हा दिवस गेले होते. विठाबाई खूप वेळ माझ्या शिवणीवरून बोट फिरवत राहिली.

"निघंल तशी निघू द्या," ती म्हणाली. "न्हाईतर समद्यांचंच बंद हुईल."

मुरुडला चिठ्ठ्या निघाल्या. त्यांची राहिली. उज्वलानं आईकडे पाहिलं, आईनं जमिनीकडे. मला त्या दिवशी उभी फाटून जावंसं वाटलं.

विठाबाई बाजाराला जायचीच. घरात जे असेल ते, कधी तीळ, कधी गुळाचा खडा, लेकीच्या ओटीत घालायची. पीठ मात्र नव्हतं.

मुलगी झाली. ताईंनी तिला माझ्यात ठेवलं आणि काट्याकडे बघत राहिल्या.

"लई हलकी हाय का?" उज्वलानं विचारलं.

"थोडी हलकी आहे. पण ठणठणीत आहे."

ती खरंच हलकी होती हो. दाणे काढून घेतलेल्या शेंगेएवढी. तिला भूक लागलेली, तरी माझ्यात ती शांत झोपली.

त्या खेपेला फरक लख्ख दिसला. पिठाच्या गावांतली बाळं अंगानं भरली होती. जिल्हा परिषदेनं योजना घेतली आणि पीठ सगळीकडे पोचलं, उज्वलाच्या सासरीही. तोवर तिची मुलगी अंगणात पावलं टाकायला लागली होती. तिच्या वाट्याचं राहूनच गेलं.

आता विजेवरचे काटे आलेत. माझी शिवण उसवली आहे आणि कपाटात मी एकटीच असते. तक्रार नाही. बायांनो, एकच मागणं आहे. पिठाची पिशवी घेऊन घरी जाताना वाटेत उज्वलाची लेक खेळताना दिसेल. अजून किरकोळच आहे ती. तिला हडकुळी म्हणून हसू नका. तुमच्या लेकराच्या गालावर जे मूठभर मांस चढलंय ना, त्यासाठी ती उपाशी वाट पाहत थांबली होती.