सुजाताचा पसरा

बाजारात भाजीवाल्याची बसायची जागा, तिला छत्तीसगडात पसरा म्हणतात. राधाबाईंना हा शब्द कधीच पचला नाही. मराठीत पसारा म्हणजे आवरायची गोष्ट, आणि इथली माणसं तोच मांडून पोट भरतात! त्यांचे यजमान भिलाईच्या कारखान्यात परमनंट होते, सेक्टरात क्वार्टर होतं. मुलानं, अतुलनं, अहिवारा रोडला ठेक्यानं शेत घेऊन भाजीपाला काढला, ते त्यांनी गिळलं. पण सून सुजाता भिलाई-३च्या शुक्रवारच्या बाजारात जमिनीवर बसायला लागली, तेव्हापासून बाईंनी त्या रस्त्यानं जाणंच सोडलं. मानाला तेल-मीठ लागत नाही, म्हणून तो परवडतो.

त्या पावसाळ्यात मात्र संकटं एकमेकांचा हात धरून आली. अतुल पाला काढायला मुनग्यावर, म्हणजे शेवग्यावर चढला. शेवग्याची फांदी ठिसूळ, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. फांदीसकट खाली आला आणि खुबा मोडून खाटेला खिळला. दवाखान्याच्या धावपळीत बाजाराचे दोन शुक्रवार गेले. तिसऱ्याच्या तोंडावर झड लागली. नाल्याचं पाणी शेतात शिरलं, भेंडी आडवी झाली, दोडक्याचा मांडव बसला, वांगी मुळातून कुजली.

आणि बाजाराचा कायदा असा, की लागोपाठ तीन बाजार पसरा रिकामा राहिला की तो दुसऱ्याचा. पिंपळाखालची ती कोपऱ्याची जागा मिळवायला सुजातानं किती पावसाळे नळाजवळच्या चिखलात बसून काढले होते. ती गेली तर पिकवून तरी विकायचं कुठं?

"जाऊ दे ना मंग," राधाबाई म्हणाल्या. "शेत सोडून देऊ. गोंदियाले माह्या भावाकडे जाऊ, त्याचं मोठं घर आहे."

"आई, तुमचा भाऊ दोन घास घालन, पण रोज मोजूनच घालन," सुजाता म्हणाली.

अतुलनं भिंतीकडे तोंड फिरवलं. सुजाताला आधी त्याचा राग आला आणि मग त्याहून जास्त कीव आली.

गुरुवारी पाऊस थांबला तशी ती शेतावर गेली, आणि गुडघाभर पाण्यात उभी राहून मनसोक्त रडली. रडून नाक पुसते तर बांधावर शेजारची दुर्गा टोपली घेऊन उभी.

"दीदी, करमत्ता तोड लंव का?"

करमत्ता म्हणजे नाळीची भाजी. शेताला लागून डबरी, म्हणजे लहानसं तळं होतं, त्यात हे वेल माजायचे. राधाबाईंनी त्याचं नाव 'डबक्यातला कचरा' ठेवलं होतं. सुजाताही दर पावसाळ्यात ते उपटून फेकायची, आणि दुर्गा न्यायला आली की मनात म्हणायची, बरं झालं, फुकटात निंदण झालं. आज पाहते तर डबरी भरून वाहिली होती आणि तो कचरा वाहत येऊन शेतभर हिरवागार तरंगत होता.

"तुम लोग ये खाते हो?" सुजातानं विचारलं.

"खाथन का, दीदी! एखर बर तो घर मा झगरा होथे!"

घराघरांत जिच्यासाठी भांडणं होतात, ती भाजी आपण इतकी वर्षं बांधावर फेकत होतो! काखेत कळसा आणि गावाला वळसा. सुजाता त्या पाण्यात उभी राहूनच खो खो हसली. "चल, दोनों काटते हैं. आधा तेरा," ती म्हणाली. दिवस मावळेपर्यंत दोघींनी कोवळे शेंडे कापून जुड्या बांधल्या.

शुक्रवारी बघते तर पिंपळाखाली सुखरामचे बटाटे ऐसपैस बसलेले. सुखराम तिच्या शेजारचा दुकानदार. माणूस वाईट नव्हे, पण फुकटची जागा कोण सोडतो?

"बहिनी, ए जगह अब मोर हे. तीन बजार खाली गिस."

"दो गए. तीसरा आज है, और मैं आ गई." सुजातानं डोक्यावरचं पोतं धप्पकन त्याच्यापुढं टाकलं. "आलू उठाओ, भैया."

पोतं उघडलं आणि सुखरामचं तोंडही उघडंच राहिलं. पुरानं सगळ्यांचेच मळे धुतले होते. त्या दिवशी अख्ख्या बाजारात बटाटा, कांदा, आणि हिरवं म्हणून एक सुजाताचा करमत्ता. बायका तुटून पडल्या. सुखरामनं मुकाट्यानं बटाटे ओढून घेतले आणि वर दोन जुड्या मागितल्या. सुजातानं दिल्या, पण रांगेत उभं करून.

दुपारपर्यंत पोतं झटकून झालं. तरी ती उठली नाही. त्याच रिकाम्या पोत्यावर मांडी ठोकून बसली. अख्ख्या बाजारानं आपल्याला इथं बसलेलं बघावं असं तिला वाटत होतं. इतका आनंद तिला कित्येक महिन्यांत झाला नव्हता.

तिन्हीसांजेला गर्दीतून इस्त्रीची साडी सावरत, चिखल चुकवत राधाबाई आल्या. सुनेला इतका उशीर, म्हणून घाबरून निघाल्या होत्या.

"काहीच नाही विकलं का वं? चाल घरी. रडू नको."

"सगळं विकलं, आई."

"मंग कावून बसून राहिली?"

"आपली जागा आहे म्हणून."

राधाबाई काही बोलणार, तेवढ्यात एक बाई पिशवी घेऊन त्यांच्यापुढंच थांबली. "दाई, करमत्ता हे का?"

इथं आईला दाई म्हणतात. ती बाई राधाबाईंनाच भाजीवाली समजली! राधाबाईंनी एकदा त्या बाईकडे पाहिलं, एकदा रिकाम्या पोत्याकडे, आणि पदर खोचला.

"आज खतम. अगले शुक्रवार को आना, और जल्दी आना. यहाँ बहुत भीड रहती है." मग सुनेकडे वळून म्हणाल्या, "सरक थोडी. मले बसू दे."